प्रेसवरच्या बाबांना न ऐकू आलेला हूटर

धरणगाव परिसरातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये आग-सूचनेची यंत्रणा मी बसवली होती. जानेवारीतल्या एका दुपारी तिथे कच्च्या कापसाच्या ढिगाने पेट घेतला आणि हूटर वाजला. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांजवळची तरुण पोरे बाहेर पळाली, पण कापूस दाबणाऱ्या प्रेसवरचे बाबा कापसाची गाठ बांधतच राहिले. पाण्याचा पाइप घेऊन धावणाऱ्या एका पोराने त्यांना दंडाला धरून बाहेर ओढले. कोणाला इजा झाली नाही. मी संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "माले काहीच ऐकू उनं नही, भाऊ."

हूटर तर चालू होता. माझ्याच सहीच्या अहवालात १०४ डेसिबल अशी नोंद होती. मात्र ते माप मी यंत्रे बंद असताना एक मीटरवरून घेतले होते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल घटतात, म्हणजे ३२ मीटरवरच्या प्रेसपाशी ७४ उरतात, आणि रेचे सुरू असताना तिथला गोंगाटच ९० च्या आसपास असतो. हे गणित पाटीवर मांडता येण्याजोगे असताना मी ते मांडले नाही.

त्यात तो हूटर पिझो जातीचा होता. त्यात ना चुंबक, ना तारेचे वेटोळे. पितळी चकतीवर चिकटवलेल्या सिरॅमिकला वीज दिली की ते आक्रसते, चकती वाकते, आणि दिशा उलटली की उलटी वाकते. एवढ्याशा चकतीचा आवाज मोठा व्हावा म्हणून तिला तिच्या स्वाभाविक कंपनसंख्येवर, साधारण ३ हजार हर्ट्‌झवर, नाचवतात. या सुराची लहर अवघी ११ सेंटिमीटरची असल्याने ती गाठींच्या थप्पीला वळसा घालत नाही, आणि कापूस तर असे बारीक आवाज गिळूनच टाकतो. शिवाय आयुष्यभर गोंगाटात राहिलेल्या माणसाचे कान आधी याच पट्टीच्या आसपास, ३ ते ६ हजार हर्ट्‌झमध्ये, मंदावतात. आवाज जिथे पोहोचायला हवा होता, तिथल्या कानांचा विचार ना कंपनीच्या माहितीपत्रकात होता ना माझ्या डोक्यात.

मालकांनी उतरवून ठेवलेला, विजेच्या मोटारीवर फिरणारा जुना भोंगा मी गोदामात पाहिला. त्याच्या चक्राला १२ खिडक्या; मिनिटाला २८०० फेऱ्या धरल्या तर हवा सेकंदाला ५६० वेळा कापली जाते, आणि हा भरदार सूर गाठींमागेही बराच वळतो. तरीही तो परत चढवायला मी तयार नव्हतो, कारण त्याला वेग धरायला काही सेकंद लागतात आणि आगीत वीज तोडली की तो मुका होतो. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या मुकादमाला हे पटवताना माझा अर्धा दिवस गेला.

अखेर बॅटरीवर चालणारे, लग्नाच्या मांडवात दिसतात तसे दोन कर्णे लावले. कर्ण्यामागच्या युनिटमध्ये तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत हलते आणि पातळ पडदा हलवते. कर्ण्याच्या रुंदावत जाणाऱ्या नळीमुळे त्या पडद्याला हवेची पकड मिळते. साध्या कोनाच्या स्पीकरमध्ये विजेचा शेकडा एक-दोन हिस्साच आवाज होतो, कर्ण्यात त्याच्या कित्येक पट होतो. सूर ५०० ते १००० हर्ट्‌झमध्ये वर-खाली फिरता ठेवला आणि एक कर्णा थेट प्रेसच्या डोक्यावर बसवला.

या वेळी चाचणी सगळे रेचे चालू ठेवून घेतली. बाबांना पाठमोरे उभे करून, कधी वाजणार ते न सांगता कळ दाबली. त्यांनी लगेच हात वर केला, आणि मग चिडून कानांवर ठेवला. प्रेससमोर लाल फिरता दिवाही हवा, असे मी लेखी दिले होते. हंगाम संपला तरी त्याची मंजुरी आलेली नाही.