संशोधनात आवाज रेकॉर्ड करायचाय? आधी एथिक्स कमिटीला तोंड द्या

स्वरतंतूंवर गाठी आलेल्यांच्या आवाजाचं ध्वनिविश्लेषण हा माझ्या प्रबंधाचा विषय. रुग्ण मिळाले, माईक मिळाला, आवाज मोजायचं प्राट सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. घोडं अडलं ते एथिक्स कमिटीपाशी, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

अर्जात स्वच्छ लिहिलं होतं की सहभागींची नावं काढून क्रमांक देऊ. उत्तर आलं, आवाजावरूनच माणूस ओळखू येतो, नाव काढून काय उपयोग? मुद्दा रास्त होता. पण तेवढं कळवायला पुढची बैठक उजाडावी लागली. दुरुस्त अर्ज गेला तर दुसऱ्याच सदस्यांनी नवी शंका काढली: विश्लेषण संपलं की रेकॉर्डिंग पुसून का टाकत नाही? अहो, पुसलं तर उद्या कुणी आकड्यांवर शंका घेतली की दाखवायचं काय? शिवाय घोगरेपणासारखे आवाजातले दोष मोजणाऱ्या जीआरबीएएस मोजपट्टीचे शून्य ते तीन गुण कानाने ऐकूनच द्यायचे असतात, तेही दोन-तीन तज्ज्ञांनी एकमेकांचे गुण न बघता. मग सूचना आली, आवाज बदलून साठवा. म्हणजे जे मोजायचं तेच बिघडवायचं! स्वरतंतूंच्या एका कंपनाला लागलेला वेळ आणि पुढच्याला लागलेला वेळ यांतला बारीकसा फरक म्हणजे जिटर. आवाजावर प्रक्रिया केली की त्या आकड्याला काय अर्थ उरला?

गाईड म्हणाल्या, ‘वाद घालू नकोस, संमतीपत्र बदल.’ तेच लागू पडलं. एका सहीऐवजी चार प्रश्न केले: रेकॉर्ड करू का, साठवू का, परिषदेत ऐकवू का, इतर संशोधकांना देऊ का? प्रत्येकापुढे हो आणि नाही. कुणी माघार घेतली तर फाईल कोण पुसणार, तेही लिहिलं. लांबवलेला ‘आ’ एका फाईलमध्ये आणि गप्पा दुसरीत ठेवल्या, कारण माणूस पटकन ओळखू येतो तो गप्पांतून. तुम्ही हे पहिल्याच अर्जात करा.

रेकॉर्डिंगला काहीच त्रास झाला नाही. फक्त एमपीथ्री नको, वेव्ह फाईल घ्या, 44.1 किलोहर्ट्झवर. फोन वापरणार असाल तर आवाज आपोआप ‘स्वच्छ’ करणारी सोय आधी बंद करा. माईकचं तोंडापासूनचं अंतर सगळ्यांसाठी सारखंच हवं.

हो, आणि फार घोगऱ्या आवाजाचा जिटर तक्त्यात घालू नका. आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी 1995 मध्येच सांगून ठेवलंय की जवळपास नियमित कंपनं असलेल्या आवाजालाच हे माप लावावं. सॉफ्टवेअर कुठल्याही फाईलला आकडा देतं, त्यावर भुलू नका. तिथे सेप्स्ट्रल पीक प्रॉमिनन्स बघा, म्हणजे आवाजातली नियमितता किती ठळक आहे ते सांगणारा आकडा; तो सलग बोलण्यावरूनही काढता येतो.

मंजुरीच्या पत्राची मुदत मात्र पत्राच्या तारखेपासून मोजतात, पहिल्या रेकॉर्डिंगपासून नाही. मी मुदतवाढीचा अर्ज आत्ताच भरून ठेवलाय, चार प्रश्नांच्या संमतीपत्रासकट.