अल्माटीतलं खाणं : घोड्याला नाही, तराजूला भ्या

तीन माणसांच्या एका जेवणाचं बिल ३८,१८० टेंगे (टेंगे म्हणजे कझाकस्तानचं चलन). ऑर्डर देताना आम्ही धरले होते २३,०००. फरक १५,१८०, म्हणजे आपले अडीच हजार रुपये (आम्ही सप्टेंबरात गेलो तेव्हा साधारण सहा टेंगेला एक रुपया पडत होता). अडीच हजारांनी कुणी भिकेला लागत नाही. पण दादा अजून ते बिल पाकिटात घालून फिरतोय आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी त्या बिलापायीच लिहायला घेतलं.

झालं असं. कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात पोचल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी एका 'पारंपरिक' हॉटेलात गेलो. आत भिंतींना नक्षीची जाजमं, कोपऱ्यात दोंब्रा वाजवणारा मुलगा, मेनूत गुळगुळीत फोटो. घोड्याच्या मांसाच्या थंड कापांचं एक ताट होतं, किंमत २,४००. दादा म्हणाला, "चारशे रुपये, घेऊन बघू." मोठ्या लाकडी पाटावर ताट आलं, आम्ही खूश. बिल आलं तेव्हा त्या एका ओळीपुढे १५,६००. मेनू परत मागवला. २,४०० च्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरात '१००' आणि त्याला लागून दोन रशियन अक्षरं. भाव शंभर ग्रॅमचा होता आणि पाटावर साडेसहाशे ग्रॅम आले होते. वर १५ टक्के सेवाशुल्क, तेही मेनूच्या शेवटच्या पानावर छापलेलं. वेटरने शांतपणे दोन्हींवर बोट ठेवून दाखवलं. म्हणजे फसवलं असंही म्हणता येईना.

तेव्हा पाठ करून ठेवा. किमतीजवळ एक उलट्या एलसारखं आणि त्याला चिकटून पी सारखं अक्षर दिसलं की ते 'ग्रॅम'. घोड्याचं मांस, मासे, काही ठिकाणी शाश्लिकसुद्धा (सळईवर भाजलेलं मांस) असंच वजनावर असतं. ऑर्डर देण्याआधी "स्कोल्का ग्राम?", म्हणजे किती ग्रॅम, विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर होतं, पण त्या बारीक अक्षरांवर कॅमेरा धरायचं सुचायला आधी एकदा ठेच लागावी लागते. ती आमची लागलीय, तुम्ही फुकट वापरा.

आता घोडा. इथून निघताना प्रत्येकाने घाबरवलं होतं, की तिकडे सगळ्यात घोडा असतो, न कळत खाल. खोटं. घोडा तिथे मानाचा आणि महाग. तो गुपचूप तुमच्या ताटात कुणी घालत नाही, उलट वेगळं नाव लावून विकतात. काझी म्हणजे बरगडीचं मांस चरबीसकट आतड्यात भरून केलेलं जाड सॉसेज. मीठ, मिरी, लसूण, बस्स. काप गडद लाल, मध्ये पिवळट चरबीची रेघ, चव किंचित गोडसर. थंड काप मला तिसऱ्या घासाला नको झाले. तीच काझी बेशबारमाक नावाच्या पदार्थावर गरम आली तेव्हा चरबी सुटून खालच्या पिठात मुरली होती आणि तेव्हा कुठे त्यातली गंमत कळली. माझा निकाल : थंड पाट मागवूच नका, बेशबारमाकमधले चार काप पुरेत.

बेशबारमाक म्हणजे शब्दशः पाच बोटं, हाताने खायचं म्हणून. कझाक लोक घरात त्याला नुसतं 'एत' म्हणतात, म्हणजे मांस. आपल्याकडे कोल्हापुरात 'आज मटण आहे' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच. खाली लाटून उकडलेल्या पिठाच्या रुंद चकत्या (चकोल्या डोळ्यांसमोर आणा, फक्त वरणाऐवजी मटणाच्या पाण्यात शिजलेल्या), वर उकडलेलं मांस, त्यावर रश्शातच वाफवलेला कांदा आणि मिरी. सोबत वाडग्यात सोरपा, म्हणजे त्याच मांसाचा रस्सा. पहिला घोट घेतला आणि दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं. अळणी! लहानपणी आई तिखट घालण्याआधी वाटीत काढून द्यायची, तेच अळणी पाणी. आपण जिथून मटणाला सुरुवात करतो तिथे त्यांचं मटण संपतं. हे कळल्यावर माझी तक्रार मिटली. मसाला शोधत गेलात तर सात दिवस उपाशी राहाल, मांसाची चव शोधत गेलात तर सोरपा पुन्हा पुन्हा मागाल. दादा पहिल्या गटात राहिला, खिशात कांदा-लसूण चटणीची पुडी घेऊन.

घोड्याची भीती घालणाऱ्यांनी जे सांगायला हवं होतं ते कुणीच सांगितलं नाही, ते हे की लपलेलं असतं ते गोमांस. लगमान (हाताने ताणलेल्या नूडल्स), मांती (मोमोसारखे वाफवलेले), समसा (तंदूरमधला समोसा), पुलाव, नुसतं 'मांस' म्हटलं की बहुतेक वेळा तेच, कधी मटण. ज्यांना चालत नाही त्यांनी हा शब्द गोंदवून घ्या : गव्यादिना. रशियन शब्द आहे, पण त्यातला 'गव' आणि आपल्या पंचगव्यातला 'गव' एकाच मुळातून आलेत, त्यामुळे विसरायची सोय नाही. बरानिना म्हणजे मटण, कूरित्सा म्हणजे कोंबडी, कनिना म्हणजे घोडा. आम्ही पहिल्याच सकाळी बाजाराबाहेर तंदूरमधून निघालेले गरम समसे हातात घेतले होते. दादाने अर्धा संपवल्यावर मी विचारलं. गव्यादिना. दादा उरलेला अर्धा हातात धरून बराच वेळ उभा राहिला. पुढे काय केलं ते त्याचं तो सांगेल.

वहिनी शाकाहारी. अंडं चालतं, बाकी काही नाही. तिच्यासाठी आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, आणि शाकाहारी माणूस बरोबर असेल तर दुसरा विचारच करू नका, हॉटेलची नाश्त्यासकट मिळणारी खोली घेऊ नका. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी नेली होती, तांदूळ, बटाटे, टोमॅटो तिथे मुबलक. बाहेर मात्र 'बेझ म्यासा', म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. लगमानमधले मांसाचे तुकडे बाजूला काढून उरलेलं आणून देतात, रस्सा तोच. भोपळ्याची मांती म्हणून मागवली तर आत भोपळा होता, शेजारी खिमाही होता. "तोल्का तिक्वा?" म्हणजे फक्त भोपळा ना, हा प्रश्न विचारायचा असतो हे चौथ्या दिवशी कळलं. बाउरसाक, तळलेले फुगीर पिठाचे गोळे, तिला आवडले. पण तेही कधीकधी चरबीत तळतात, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी तेलाची चौकशी करावी. तंदूरची गोल रोटी निर्धोक. तिला कझाकमध्ये नानच म्हणतात.

आणि शेपू. देवा! सॅलडवर शेपू, बटाट्यांवर शेपू, सूपवर शेपू, लोण्यात शेपू. शेपूच्या भाजीला घरात नाक मुरडणारी वहिनी उंच डोंगरावर स्कीच्या पाळण्याशेजारी उकडलेल्या बटाट्यावरचा शेपू एकेक काडी करून वेचत होती. "भावोजी, याला इथे काय म्हणतात ते शोधा आधी." उक्रोप. 'बेझ उक्रोपा' हे वाक्य आमच्या सहलीत सर्वांत जास्त वेळा बोललं गेलं, 'रख्मेत', म्हणजे धन्यवाद, याच्याहूनही जास्त.

तिला वाचवलं ते कोरियन लोकांनी. १९३७ मध्ये स्टालिनने रशियाच्या अतिपूर्वेकडचे कोरियन उचलून मध्य आशियात आणून टाकले. त्यांच्या मुला-नातवंडांची सॅलडची दुकानं आज अल्माटीच्या हिरव्या बाजारात ओळीने लागतात. किसलेल्या गाजराचं मोरकोवचा घ्याच. लसूण, व्हिनेगर, लाल तिखट आणि चक्क भरडलेले धणे! चार दिवसांनी धणे दाताखाली आल्यावर वहिनी तिथेच, काउंटरला टेकून, पिशवीतून बोटांनी खायला लागली. हेही वजनावरच मिळतं, पण तराजू तुमच्या डोळ्यांसमोर असतो आणि थांबा म्हटलं की बाई थांबते. वांग्याचं, कोबीचंही मिळतं. माशाचं आणि मांसाचंही शेजारीच असतं, तेव्हा बोट नीट दाखवा.

तिखट खाणाऱ्यांनी उइगुरांची खानावळ गाठावी. लगमान मूळचं त्यांचं आणि दुंगानांचं, म्हणजे चीनमधून आलेल्या या दोन मुस्लिम समाजांचं. आम्ही बसलो तिथे काचेमागे एक पोरगा पिठाची वळकटी दोन्ही हातांत ताणून ओट्यावर आपटत होता, दुमडत होता, पुन्हा ताणत होता. बघता बघता एकाच्या कितीतरी दोऱ्या. टेबलावर लाझा नावाची तेलातली लाल मिरची वाटीत ठेवतात, मागितली की आणखी देतात, पैसे लावत नाहीत. माणशी अडीच हजार टेंगेत पोट तुडुंब. सगळ्या सहलीतलं सर्वांत चांगलं जेवण हेच आणि इथे तराजू नव्हता.

दुपारी स्तोलोवाया शोधा, म्हणजे आपण ट्रे घेऊन रांगेत जायचं ते साधं भोजनालय. पदार्थ दिसतात, बोट दाखवायचं, पैसे देऊन मोकळं. भारतीय हॉटेलात एकदा गेलो, गोड ग्रेव्ही आणि दुप्पट भाव. जाऊ नका.

कोलसाई तलावांची सहल एका दिवसात करू नका. करणारे करतात, पहाटे अंधारात निघून जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर. आम्ही साती गावात मुक्काम केला. वाटेत एका गाडीवर कुमिस मिळालं, घोडीचं आंबवलेलं दूध, प्लास्टिकच्या बाटलीत. दादाने ते चालत्या गाडीत उघडलं. ते फसफसतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आता मी तुम्हाला सांगतोय. अर्धं त्याच्या जाकिटावर, पाव ड्रायव्हरच्या मानेवर. उरलेलं आम्ही दोघांनी प्यालो. आंबट, पातळ, थोडं धुरकट, किंचित चढणारं, मला आवडलं. पण पुढे वळणावळणाचा रस्ता होता आणि पोटाने दोनदा गाडी थांबवायला लावली, जिथे आडोशाला एक झुडूप नव्हतं. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, तीही मुक्कामाच्या गावी. उंटिणीच्या दुधाचं शुबात दाट असतं, पचायला मला तरी सोपं गेलं.

साती ते कैंदी तलाव हा रस्ता 'बुखांका' नावाच्या जुन्या सोव्हिएत गाडीतून करतात. बुखांका म्हणजे पावाची लादी, गाडी दिसतेही तशीच. डोकं छताला आपटतं. भाडं माणशी की गाडीचं हे चढण्याआधी ठरवा, उतरताना नाही. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून अडलेलं पाणी, त्यात उभी वाळलेली झाडं, फोटो इतरांनी भरपूर टाकलेत. साती गावातला मुक्काम, यजमानीणबाईंचा कुर्दाक (परतलेलं मांस), साय, जर्दाळूचा मुरंबा, सगळं छान झालं. लिहिण्यासारखं वाकडं काही घडलं नाही.

फक्त चहाचं सांगतो. चहा दुधाचाच देतात, आपल्यासारखा, आणि पियाल्यात अर्धाच ओततात. पहिल्यांदा दादा कुरकुरला, "इथेही माप?" मग कळलं की अर्धा देणं हा मान आहे, संपला की गरम गरम पुन्हा ओतायला मिळावा म्हणून. काठोकाठ भरून दिला तर समजा पाहुण्याने आता निघावं. कटिंगवर वाढलेल्या माणसाला हा हिशेब सोपा जातो. त्या बाईंनी आमचे पियाले किती वेळा भरले ते मोजलं नाही, झोप मात्र उडाली.

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा हिरवा बाजार. रोख न्या, स्थानिक लोक मोबाईलवरून पैसे देतात, आपल्याला ते जमत नाही. सुक्या मेव्याच्या पहिल्या रांगेत पाय ठेवू नका, तिथे परदेशी चेहरा बघून भाव निघतो, दोन ओळी आत गेलं की उतरतो. चव बघायला सगळे देतात. कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, आधी एक चाखा. मी न चाखता पाव किलो घेतला आणि तो खडा-मीठ चघळल्यासारखा लागतो. काझी बांधून आणायचा विचार सोडा, परवान्याशिवाय मांस भारतात आणता येत नाही. चॉकलेट घ्या, 'राखात' नावाचं, ते अल्माटीचंच. सफरचंदं मात्र तिथेच खा, रोज खा, ज्या रानटी जातीतून जगभरची सफरचंदं आली ती या डोंगरांतलीच.

जर्दाळूच्या ढिगापुढे वहिनी थांबली. म्हातारीने पुठ्ठ्यावर आकडा लिहिला होता. वहिनीने हात न लावता विचारलं, "स्तो ग्राम?", म्हणजे शंभर ग्रॅमचा का? म्हातारी आधी गोंधळली, मग शेजारणीला काहीतरी सांगून दोघी हसत सुटल्या. "किलो, किलो!" दादाने तरी पुठ्ठ्याचा फोटो काढून, मोठा करून, अक्षरं तपासली. मग दोन किलो घेतले.