आग लागली तेव्हा दार बंद होतं का?

भाजलेला पेशंट आला की सगळे विचारतात, "किती टक्के?" मी आधी विचारते, "दार बंद होतं का? आत किती वेळ होते?"

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे. श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आली की मला बोलावणं येतं. आपल्याकडे टॉवेल-चादरींच्या शेडमध्ये किंवा पूर्व भागात घरालाच लागून असलेल्या मागाच्या खोलीत सुताचे गठ्ठे रचलेले असतात, हवेत कापसाची धूळ असते आणि बाहेर पडायला एकच वाट. अशा ठिकाणी कातडी थोडी भाजलेली दिसते, पण छातीत धूर भरपूर गेलेला असतो.

समजा, चाळीस वर्षांचा मागावरचा कामगार, ३५ टक्के भाजलेला. त्याचा मुलगा म्हणतो, "मॅडम, ऑक्सिजन ९९ दाखवतंय की! बाबा बोलायलेत पण. मग नळी कशाला?" त्याची घालमेल मला कळते. पण बाबांचा आवाज घोगरा झालाय, नाकातले केस जळलेत, बेडका काळा येतोय. घशाची सूज पहिल्या २४ तासांत वाढत जाते आणि मग नळी आत सरकत नाही. बोटाला लावलेल्या क्लिपला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरकच कळत नाही, त्यामुळे त्या ९९ वर मी विसंबत नाही. पहिल्या दिवशीचा छातीचा एक्स-रेसुद्धा बऱ्याचदा स्वच्छ असतो.

सर्ज बो या फ्रेंच डॉक्टरांनी १९६१ मध्ये साधा हिशोब मांडला: वय अधिक भाजल्याचे टक्के. पुढे त्यात सुधारणा झाली, धूर छातीत गेला असेल तर आणखी १७ मिळवायचे. आपल्या कामगाराचे ७५ होतात, धुरासकट ९२. म्हणजे धुराने त्याचं वय एका दुपारीत १७ वर्षांनी वाढवलं. पण हा आकडा जिवाच्या धोक्याचा आहे. फुप्फुसं कधी दगा देतील, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी मला धमनीतल्या रक्ताची तपासणी, एबीजी, हवी असते. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १२० आला तर मॉनिटर ९८ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण पेशंट ६० टक्के ऑक्सिजनवर असेल तर १२० भागिले ०.६, म्हणजे फक्त २००. निरोगी माणसाचा हा आकडा ४०० च्या वर असतो. तो ३०० किंवा त्याखाली आला आणि एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढुरकेपणा दिसला की एआरडीएसची, म्हणजे फुप्फुसं सुजून ऑक्सिजन नीट रक्तात न पोचण्याची, शंका घ्यायची. १०० पर्यंत उतरला तर ती गंभीर अवस्था.

एकट्या आकड्यापेक्षा त्याची घसरण जास्त बोलते. सकाळी ३२०, दुपारी २६०, रात्री २१० असं चार्टवर दिसलं, तर एक्स-रे बिघडायची वाट पाहत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. नळीवर असेल तर व्हेंटिलेटरचे श्वास लहान ठेवायचे, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला ६ मिली. छातीभोवती भाजून कडक झालेली कातडी आवळत असेल तर सर्जनना लगेच बोलवायचं.

आणि सलाईन. सत्तर किलोच्या या माणसाला पार्कलंडच्या सूत्राने (४ मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याचे टक्के) पहिल्या २४ तासांत ९.८ लिटर लागतात, त्यातलं निम्मं भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत. ही फक्त सुरुवात. पुढे लघवी मोजून कमी-जास्त करायचं. तासाला ३० ते ५० मिली लघवी होत असताना सलाईन धो-धो चालू ठेवलं, तर ते पाणी सुजलेल्या फुप्फुसांतच उतरतं. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरना मी सांगून ठेवलंय: लघवी ५० च्या वर गेली तरी फोन करा, कितीही वाजलेले असोत.