रनस्केपचा एक्सपी फॉर्म्युला आणि तो एका आकड्याचा फरक (माझा अनुभव)

लेव्हल ४ ला गेममध्ये २७६ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि मी एक्सेलमध्ये बसवलेल्या फॉर्म्युल्याने २७५ येत होते. या एका आकड्याने माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं बारावीच्या गणितानेही नव्हतं खाल्लं, अजूनही आठवलं की चिडचिड होते, म्हणून लिहून ठेवतोय.

गेम म्हणजे ओल्ड स्कूल रनस्केप, ऑनलाइन खेळायचा, एक्सपी जमवत एकेका स्किलची (कौशल्याची) लेव्हल वाढवायची. आकडे जमवायला काहीच त्रास नाही, स्किलवर कर्सर नेला की पुढची लेव्हल किती एक्सपीला आहे ते दिसतं. २ ला ८३, ३ ला १७४, ४ ला २७६, ५ ला ३८८. वजाबाक्या करत गेलं की दर सात लेव्हलनी फरक जवळपास दुप्पट होताना दिसतो, पहिला ८३ तर आठवा १६८. नेमका दुप्पट मात्र नाही, सुरुवातीला किंचित जास्त, नंतर किंचित कमी (चौदावा ३०४, एकविसावा ६०६), कारण त्यात लेव्हलचा आकडासुद्धा मिळवलेला असतो. तर आपण ज्या लेव्हलवर आहोत तिला ७ ने भागायचं, २ चा तितकावा घात काढायचा, गुणिले ३००, त्यात लेव्हल मिळवायची, असे १ पासूनच्या प्रत्येक लेव्हलचे आकडे काढायचे, आणि त्या सगळ्यांच्या बेरजेला भागिले ४. इथपर्यंत सरळ आहे.

खरी कटकट अपूर्णांक कुठे उडवायचा याची. नागपूरचा मे महिना, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, कूलरसमोर लॅपटॉप घेऊन तेच करत बसायचो. प्रत्येक लेव्हलला ४ ने भागून अपूर्णांक टाकला की ८३, ९१, १०१ येतात, बेरीज २७५. एक कमी. बरं, मग काहीच उडवायचं नाही, फक्त शेवटी उडवायचं, तर ४ ला बरोब्बर २७६ आले आणि मी खूश, खालच्या ओळीत बघतो तर ५ ला ३८९! आता एक जास्त. राउंड (जवळचा पूर्ण आकडा घेणारं) लावलं तर ३ लाच १७५ येऊन बोंब. मित्र म्हणे, "काहून एका एक्सपीसाठी मरून राहिला बे, ग्राफ तर बसला ना." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ग्राफ तर एक्सेलची ट्रेंडलाइनपण बसवून देते. एकचा जरी फरक पडला तरी तो गेमचा फॉर्म्युला नाहीच, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कोणता तरी आहे.

शेवटी जमलं ते असं, की अपूर्णांक दोनदा उडवायचा. आधी प्रत्येक लेव्हलचा आकडा ४ ने न भागताच पूर्ण करून घ्यायचा, ३३२, ३६७, ४०६, ४४९. मग बेरीज, १५५४. मग भागिले ४, म्हणजे ३८८.५, आणि आता परत उडवायचा, ३८८. पहिल्या तिघांचे ११०५, भागिले ४, २७६. भागल्यावर उरलेला पाव-पाऊण असा वाया जात नाही, पुढच्या लेव्हलच्या हिशोबात राहतो, म्हणून गेममध्ये १०१ च्या जागी १०२ (२७६ वजा १७४) दिसत होते! फॉर्म्युला खाली ९९ पर्यंत ओढला आणि १,३०,३४,४३१ आले, गेममध्ये आहेत तेवढेच, एकही इकडेतिकडे नाही. मी इतक्या जोरात ओरडलो की आई किचनमधून धावत आली. खूप भारी वाटलं, खरंच.

तुम्ही करणार असाल तर पहिल्या पाच लेव्हलवर तपासा, मोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका, चूक असेल तर तिथेच उघडी पडते. एक्सेलमध्ये राउंड वापरू नका, इंट (अपूर्णांक उडवणारं) वापरा. ९२ ला ६५,१७,२५३ येतात का तेही बघा, ९९ च्या जवळपास निम्मे, तेच सात लेव्हलचं गणित.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, कृतीचे एक्सपी मोजताना स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. उदाहरणार्थ गेममध्ये हाडं पुरण्याचे एक्सपी मिळतात, एकेक पुरत गेलं की ४, मग ९, १३, १८ दिसतात, वाटतं कधी ४ देतो कधी ५. देतो ४.५ च, अर्धा आत ठेवतो, फक्त दाखवत नाही. म्हणून १८ हाडांवर ८१ होतात आणि लेव्हल २ एकोणिसाव्या हाडाला लागते.