तुम्ही विचारलंत म्हणून : ऑक्टापॅड रेकॉर्डिंगमध्ये डबड्यावानी का वाजतो?

"हेडफोन लावून वाजवलं तं ऑक्टापॅड जबरदस्त वाटते, अन् रेकॉर्डिंग आयकलं का डबड्यावानी. असं कावून?" ऑक्टापॅड म्हणजे काठीने वाजवायचं आठ पॅडांचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. खंजेरी भजनाचं मंडळ असो, भीमगीतांचा संच असो की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाचं संगीत सांभाळणारे, विचारतात ते हेच. त्याला जोडून दुसरा प्रश्नही येतोच: नवीन मशीन घ्यावं का? नका घेऊ. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं, त्यातून आवाज बाहेर काढण्याची पद्धत चुकलेली असते.

बहुतेक जण मशीनच्या मागून निघणाऱ्या दोन पिना साउंड कार्डात (आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या पेटीत) खोचतात आणि गाणं एका दमात उतरवून घेतात. किक, स्नेअर, ढोलकी, झांज आणि कंपनीने आधीच घालून दिलेला रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा), सगळं एकाच स्टिरिओ ट्रॅकवर बसतं. मग मिक्सिंगला किकचा बेस वाढवावा तर ढोलकीचा घुमाही सुजतो, आणि झांजेचा चरचराट कापावा तर स्नेअरची धार जाते. अशा ट्रॅकवर इक्वलायझर कितीही फिरवा, हाती फार काही लागत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मशीनमधले रिव्हर्ब, डिले, कॉम्प्रेसर बंद करायचे. कोरडा आवाज ऐकून वाजवणाऱ्याचं तोंड उतरतं, पण नंतर रिव्हर्ब घालता येतो, एकदा छापलेला काढता येत नाही. दुसरं, ऑडिओसोबत मिडीही रेकॉर्ड करायचं. बऱ्याच ऑक्टापॅडची यूएसबी वायर आवाज नेत नाही, कोणता पॅड कधी आणि किती जोरात वाजला एवढंच नेते; त्या नोंदीलाच मिडी म्हणतात. आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

त्याआधी मशीनमध्ये प्रत्येक पॅडचा मिडी नोट नंबर वेगळा आहे का ते पाहा. ठरलेल्या यादीप्रमाणे किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडी ४६, क्रॅश ४९. दोन पॅडांना एकच नंबर असेल तर पुढे ते वेगळे करता येत नाहीत. किटचा नंबरही कागदावर लिहून ठेवा. आठवड्याने फाइल उघडल्यावर किट बदललेला असेल, तर ढोलकीच्या जागी काऊबेल वाजते आणि सगळे फाइलला दोष देतात.

आता तेच मिडी कॉम्प्युटरमधून उलटं मशीनला पाठवायचं. मशीन आपोआप वाजेल, ते दोन दोन आवाज करून उतरवायचं. किक पूर्ण डावीकडे पॅन, स्नेअर पूर्ण उजवीकडे, बाकीच्या पॅडांचा व्हॉल्यूम शून्य. दोन पिनांतून दोन वेगळे मोनो ट्रॅक मिळतात. आठ पॅडांना चार फेऱ्या, म्हणजे ५ मिनिटांच्या गाण्याला २० मिनिटं. असे उतरवलेले ट्रॅक थोडे उशिरा बसतात. मूळ स्टिरिओ ट्रॅकच्या पहिल्या ठोक्याशी जुळवून सगळे एकदमच मागे (डावीकडे) ओढा. वाजवताना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत असेल, तर कॉम्प्युटर आलेलं मिडी परत मशीनला पाठवतोय असं समजा आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा.

लेव्हलबद्दल एकच सांगतो. पिन माइकच्या नव्हे, लाइनच्या इनपुटात जायला हवी. माइकच्या जागी लावली की किक फाटते. २४ बिटवर सर्वात मोठा ठोका उणे १० ते उणे १२ डीबीवर आला तरी पुरतो.

हमिंगचं (सततच्या घरघरीचं) दुखणं इकडे विदर्भात जास्त, कारण कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर थांबली तर अर्थिंगचा लूप आहे. ऑक्टापॅड, साउंड कार्ड, लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिली तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स (मशीन आणि साउंड कार्डाच्या मधे लागणारी छोटी पेटी) लावा. अर्थची पिन तोडायची नाही. पॅडला माइक नसल्यामुळे मे महिन्यात कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग करता येतं, ही विदर्भात केवढी चैन! फक्त कूलर दुसऱ्या बोर्डावर हवा, नाहीतर मोटर चालूबंद होताना ट्रॅकवर टक् येतो.

आता खरं डबडं. मिडी ट्रॅक उघडून व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर (१ ते १२७), पाहा. प्रत्येक ठोका १२७ वर टेकलेला दिसला तर तिथेच सापडलं. सेन्सिटिव्हिटी इतकी वाढवलेली असते की हलका हातही पूर्ण जोराचा मोजला जातो, म्हणून तोच एक नमुना (मशीनमध्ये साठवलेला आवाज) त्याच जोरात पुन्हा पुन्हा वाजतो. केहरव्यात 'धा गे ना ती, न क धि न' म्हणताना जोर 'धा'वर असतो, 'न क' नुसतं कुजबुजतं. समेला ११०–११५ आणि कुजबुजीला ४५–६० दिसलं की ठेका चालायला लागतो. सेन्सिटिव्हिटी कमी करत जा, सर्वात जोरदार ठोकाच १२०च्या वर जाईल इथवर आणा. एका ठोक्याला दोन नोटा पडत असतील तर रिट्रिगर कॅन्सल किंवा मास्क टाइम वाढवा. शेजारचा पॅड आपोआप वाजत असेल तर क्रॉसटॉक कॅन्सल वाढवा. आणि क्वांटाइझ (कॉम्प्युटरने ठोके मात्रेवर ओढून बसवणं) शंभर टक्के नको. मी ५०–६०वर थांबतो, उठावाला तर हातही लावत नाही.

मिक्सिंगला किकचे ३०० हर्ट्झच्या आसपासचे ३–४ डीबी काढले की पुठ्ठ्याच्या खोक्याचा आवाज जातो. खालचा ५०–६० हर्ट्झचा धक्का मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, म्हणून थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणं) देऊन वरचे स्वर उभे करा आणि ३–४ किलोहर्ट्झला टोकाचा टक् ठेवा. मग सगळे ट्रॅक एकाच छोट्या रूम रिव्हर्बला थोडे थोडे पाठवा, अर्ध्या सेकंदाचा पुरे. नमुने वेगवेगळ्या खोल्यांत घेतलेले असू शकतात, या रिव्हर्बने ते एका जागी बसल्यासारखे वाटतात. शेवटी मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एक करून, ऐका. गावातला भोंगा मोनोच असतो.

एवढं करूनही ढोलकीच्या डाव्या पुडीचा घिस्सा पॅडमधून नीट येत नाही. एकाच ठोक्यात स्वर घसरत नेणं काठीला जमत नाही. तिथे खरी ढोलकी, निदान खरी खंजेरी किंवा टाळ, दीड-दोन फुटांवर माइक ठेवून वरून वाजवून घ्या. एक खरं वाद्य आलं की कान बाकीचंही खरं मानतो. तेवढा वेळ मात्र कूलर बंद.

नागपूरला मिक्सिंगला पाठवताना आठ मोनो ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, ५ मिनिटांचे साधारण ३५० एमबी होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे तर डॉक्युमेंट म्हणून टाका, ऑडिओ म्हणून नाही. मिडीची फाइल काही केबींची असते, तीही सोबत द्या. स्नेअर पसंत पडला नाही तर तिकडचा माणूस तिच्यावरून दुसरा लावून घेईल.