तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरमाथ्यावर एवढी तळी कशी?

स्लोव्हाकियातलं बान्स्का श्तियाव्निट्सा बघून आलेले किंवा बघायला निघालेले लोक हमखास एक प्रश्न विचारतात. जेमतेम दहा हजार वस्तीच्या या डोंगरी गावाभोवती, तेही इतक्या उंचावर, एवढी तळी कुठून आली? या प्रश्नाचं उत्तर कळलं की गावाचा इतिहासही बराचसा कळतो.

गाव वसलंय एका प्राचीन, झिजून गेलेल्या ज्वालामुखीच्या पोटात. खडकाच्या भेगांमध्ये चांदी आणि सोनं साठलं, त्यामुळे मध्ययुगापासून इथे जर्मन आणि स्लोव्हाक खाणकामगार राबत आले. १६२७ साली कास्पार वाइंडल याने इथे खाणीत बंदुकीच्या दारूने खडक फोडला. खाणकामातल्या सुरुंगाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. पण खाण जितकी खोल, तितकं पाणी जास्त. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला माणसं आणि घोडे लावून पाणी उपसण्याचा खर्च इतका वाढला की खाणी बंद करायची वेळ आली होती.

पंप चालवायला जोर लागतो, आणि इथे मोठी नदी नाही. ह्रोन नदी आहे, पण ती डोंगराखाली, बरीच दूर. मग पावसाचं आणि बर्फाचं पाणी उंचावरच अडवायचं ठरलं. मातेय कोर्नेल हेल आणि सॅम्युएल मिकोविनी या अभियंत्यांनी मातीची धरणं बांधली. या तळ्यांना स्थानिक लोक ‘ताइख’ म्हणतात. माथ्यावरच्या तळ्याला पाणलोट तो केवढा असणार! म्हणून डोंगराच्या अंगाने, अगदी हलका उतार ठेवून, पाट खणले आणि शेजारच्या खोऱ्यांतलं पाणीही वळवून आणलं. सगळ्या पाटांची लांबी शंभर किलोमीटरच्या वर जाते. माझ्या मते खरी कमाल धरणांपेक्षा या पाटांची आहे. उतार जास्त झाला तर पाट उकरला जातो, कमी झाला तर गाळ आणि पालापाचोळा साचून तुंबतो. म्हणजे नुसतं बांधून भागत नाही, कायमची राखण लागते.

एकूण सुमारे ६० तळी झाली. वरच्या तळ्याचं पाणी एका खाणीचं चाक फिरवून खाली उतरे आणि पुढच्या खाणीला कामी येई. १७४९ साली मातेयचा मुलगा योझेफ कारोल हेल याने चाकाऐवजी पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र बसवलं. उभ्या नळातलं शंभर मीटर पाणी तळाशी सुमारे १० वातावरणांचा दाब देतं. तो दाब दट्ट्या ढकलतो आणि दट्ट्या पंप चालवतो. यंत्राचं पाणी आणि उपसलेलं पाणी, दोन्ही मधल्या पातळीवरच्या बोगद्यातून बाहेर सोडता येतं, जमिनीपर्यंत चढवावं लागत नाही. पुढे १७८२ ते १८७८ एवढा काळ खपून ह्रोनकाठच्या वोझ्नित्सा गावापर्यंत १६ किलोमीटरहून लांब निचरा-बोगदा खणला गेला. तेव्हापासून खाणींचं पाणी आपल्या उताराने ह्रोनला जाऊ लागलं.

हे शिकवायला शाळा हवी होती. १७३५ साली मिकोविनीच्या हाताखाली ती सुरू झाली आणि १७६२च्या निर्णयाने तिची खाण अकादमी झाली. पहिलं महायुद्ध संपल्यावर अकादमी हंगेरीत शोप्रोनला गेली आणि गावाची रया बरीच ओसरली. १९९३ साली युनेस्कोने गावाबरोबर भोवतालची तांत्रिक स्मारकंही वारसा यादीत घेतली, हे फार योग्य झालं. तळ्यांशिवाय हे गाव अर्धवटच आहे.

जायचं असेल तर ह्रोन्स्का दुब्राव्हाला गाडी बदलून रेल्वेच्या छोट्या फाट्याने यावं. स्टेशन गावाच्या खालच्या टोकाला आहे आणि त्रिमूर्ती चौकापर्यंत चांगलाच चढ आहे. दगडी फरसबंदीवर हिवाळ्यात पाय घसरतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. खाण संग्रहालयाचा जमिनीखालचा भाग भर उन्हाळ्यातही गार असतो, स्वेटर न्या. पोहायला क्लिंगर किंवा पोचूवाद्लो हे तळं बरं. रोझग्रुंडमध्ये मात्र उतरू नका, ते पिण्याचं पाणी आहे. पण त्याच्या भरावावर नक्की जा: १७४४च्या सुमाराचं सुमारे ३० मीटर उंचीचं मातीचं धरण, इतक्या उभ्या उताराचं, आणि अजून पाणी अडवतंय.