जागच्या जागी

विमान पुढे जातं म्हणून वर राहतं. हवेत थांबणं हा त्याचा विषयच नाही. हेलिकॉप्टरचा सगळा रुबाब मात्र थांबण्यातच आहे. नवशिक्याला हे कानावरून गेलेलं असतं, पण खोक्यातून रिमोटवर उडणारं तळहाताएवढं हेलिकॉप्टर बाहेर काढताना मनात असतात त्या घिरट्या, टेबलाखालून सुळकन जाणं, कपाटावर अलगद उतरणं. प्रत्यक्षात बहुतेक वेळ जातो खोलीच्या मधोमध, कमरेएवढ्या उंचीवर, त्याला जागच्या जागी धरून ठेवण्यात. आणि मला आता वाटायला लागलंय की खरा छंद तेवढाच. घिरट्या हा जोडधंदा.

नवशिक्याच्या हाती पडतं त्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर एकाखाली एक असे दोन रोटर, म्हणजे पात्यांचे पंखे, असतात. एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, दुसरा उलट. एकच असता तर तो ज्या बाजूला फिरेल त्याच्या उलट बाजूला बाकीचं धूड गरगरत राहिलं असतं. मोठ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर उभा पंखा असतो तो हे अडवायलाच. इथे दोघं एकमेकांचा हिशेब परस्पर मिटवतात, उरलंसुरलं गायरो, म्हणजे गरगरणं ओळखणारा आतला सेन्सर, सांभाळून घेतो. शेपटीवरचा इवला पंखा मग दुसऱ्या कामाला मोकळा राहतो. तो आडवा बसवलेला असतो. त्यानं शेपटी उचलली की नाक खाली जातं आणि हेलिकॉप्टर पुढे सरकतं. शेपटी दाबली की मागे. वळायचं तर दोनपैकी एका रोटरचा वेग वाढवायचा, दुसऱ्याचा उतरवायचा. कडेला सरकणं याला येत नाही. छताचा पंखा चालू राहिला तर येतं, पण ते त्याच्या मर्जीनं.

रिमोटवर डावी स्टिक थ्रॉटलची, म्हणजे रोटरचा वेग कमीजास्त करण्याची, उजवी दिशेची. उलट मांडणीचे रिमोटही असतात, आणि दोन्हीकडची मंडळी समोरच्याला चुकीचं वळण लागलंय असं मानतात. त्या वादात पडायचं नाही. थ्रॉटल ही काय चीज आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ.

थ्रॉटल थोडी वर केली तर काहीच होत नाही. आणखी थोडी केली की पाती फिरू लागतात आणि हेलिकॉप्टर फरशीवरच घसरायला लागतं. सावध माणूस म्हणतो, आधी वीतभरच उचलू, पडलं तरी फार लागायला नको. नेमका तिथेच तो फसतो. पात्यांनी खाली लोटलेली हवा फरशीवर आपटून परत वर येते, आणि वीतभर उंचीवरचं हेलिकॉप्टर आपल्याच वाऱ्यात भेलकांडत राहतं. मुकाट्यानं कमरेएवढं वर न्यावं, तिथे हवा शांत असते. भिंतीपाशीही हाच त्रास. भिंतीला लागून फिरणारी हवा त्याला धड राहू देत नाही, आणि छताच्या फार जवळ गेलं तर ते वर ओढलंच जातं.

वर नेलं, आता थांबवायचं. इथे खरी गंमत आहे. रोटरला वेग घ्यायला आणि सोडायला क्षणभर लागतो. हेलिकॉप्टर वर चाललंय म्हणून थ्रॉटल कमी करावी, तरी ते वरच जातं. घाबरून आणखी कमी करावी तर तेवढ्यात पहिला हुकूम पोचतो आणि दुसराही, आणि ते दगडासारखं खाली येतं. उत्तर उशिरा येतं, तोवर आपण पुढचा प्रश्न विचारून बसलेले असतो. उपाय एकच: स्टिक केसभर हलवायची आणि वाट बघायची. अंगठ्याला वाट बघायला शिकवणं हे फार चमत्कारिक काम आहे. डोक्याला पटलेलं असतं, अंगठा ऐकत नाही. बरं, स्टिकची एखादी जागा पाठ करून ठेवावी तर तेही जमत नाही, कारण उडता उडता बॅटरी उतरत जाते आणि मघाची जागा आता पुरत नाही.

हेलिकॉप्टर आपल्याकडे पाठ करून असतं तोवर त्याची उजवी ती आपली उजवी. ते वळून आपल्याकडे तोंड करतं त्या घडीला सगळं उलटं होतं. तेव्हा माणसाकडे बघावं. स्टिक एकीकडे आणि धड दुसरीकडे झुकलेलं, मान वाकडी, एक पाय उचललेला, जणू अंगानं ओढूनच ते वळणार आहे. सुरुवातीला त्याच्या शेपटीमागेच उभं राहावं आणि ते वळेल तसं आपणही वळावं हे बरं.

रोटरच्या वर एक बारीक दांडी तिरकी फिरत असते, दोन्ही टोकांना वजनं असलेली. मला ती बरेच दिवस शोभेची वाटली होती. फिरती वजनं आपली पातळी सहजी सोडत नाहीत. हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की ही दांडी आधीच्याच पातळीत फिरत राहते आणि तिला जोडलेली पाती त्याला पुन्हा सरळ करतात. अशी दांडी आर्थर यंग या अमेरिकन माणसानं वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरची छोटी मॉडेलं उडवून बसवली. 1941 साली त्यानं आपलं मॉडेल विमानं बनवणाऱ्या बेल कंपनीला उडवून दाखवलं, कंपनीनं त्याला कामावर घेतलं, आणि त्यातून निघालेल्या बेल 47 या हेलिकॉप्टरला 1946 च्या मार्चमध्ये नागरी वापराचा परवाना मिळाला. म्हणजे इथे खेळणं मोठ्या हेलिकॉप्टरची नक्कल नाही. खेळणंच आधी आलं. कोणी ‘या वयात हे काय’ म्हणालं की मी यंगचं नाव सांगतो. उपयोग होत नाही.

एका बॅटरीत पाच-सात मिनिटं उडतं, चार्जिंगला त्याच्या कितीतरी पट वेळ. घाई करण्यात अर्थ नाही, मोटरीही तापलेल्या असतात. तेवढ्यात भिंग आणि चिमटा घेऊन बसावं. फरशीवरून ओढला गेलेला एखादा लांब केस दातेरी चाकाखाली, दांड्याला इतका घट्ट गुंडाळलेला असतो की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. फक्त रोटरचा आवाज घोगरा होतो. सुईनं तो एका जागी तोडायचा आणि टोक धरून उलट्या वेढ्यांनी सोडवायचा. हे काम मला उडवण्याइतकंच आवडायला लागलंय, जे कोणाला सांगण्यासारखं नाही.

ड्रोन का नाही घेत, असं विचारतात. ड्रोनची स्टिक सोडली की तो आपला आपण हवेत उभा राहतो. हवेचा दाब मोजतो, पोटाखालच्या कॅमेऱ्यानं जमीन बघतो, सगळं तोच करतो. फोटो काढायचे असतील तर उत्तमच. पण मग अंगठ्यांनी काय करायचं?

पुढची पायरी एका रोटरच्या हेलिकॉप्टरची. त्याला कडेलाही सरकता येतं, म्हणजे थांबवताना सांभाळायची आणखी एक बाजू वाढली. जाणकार सांगतात, आधी संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये हवं तेवढं आपटून घ्या, तिथे पाती तुटत नाहीत. सल्ला रास्त आहे. तूर्तास मी पडदे गुंडाळून वर बांधलेत आणि पात्यांचा एक जादा जोड मागवलाय.